पोशाखसंहिता (उपाहारगृहे व मद्यालये)

उपाहारगृहे, मद्यालये, हॉटेले, क्लब इत्यादी ठिकाणी येणाऱ्या ग्राहकांनी कोणता वेश करावा व कोणता करू नये, यासंबंधी त्या त्या आस्थापनेने ठरवलेल्या नियमांना पोशाखसंहिता असे म्हणतात. मराठीत ‘ड्रेसकोड’ हा इंग्रजी शब्दही याच अर्थाने रूढ आहे. युरोप, अमेरिका, आग्नेय आशिया व आखाती देश येथील उंची उपाहारगृहांत आणि मद्यालयांत अशा संहिता विशेषत्वाने आढळतात. परदेशी पर्यटकांना त्यांची जाणीव बहुधा प्रवेशद्वारापाशीच होते.

‘देश तसा वेश’ अशी मराठीत म्हण आहे. मात्र पोशाखसंहिता ही देशाची नसून जागेची, वेळेची आणि यजमानाची असते. एकाच रस्त्यावरील दोन उपाहारगृहांचे, किंबहुना एकाच हॉटेलातील दोन दालनांचे नियम वेगवेगळे असू शकतात. अनेक ठिकाणी सकाळच्या न्याहारीसाठी नसलेली अट रात्रीच्या भोजनासाठी लागू होते.

स्वरूप

पोशाखसंहितेचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात काय परिधान केलेच पाहिजे हे सांगितलेले असते; उदाहरणार्थ, पुरुषांना कोट आवश्यक. दुसऱ्या प्रकारात काय चालणार नाही याची यादी दिलेली असते. अर्ध्या विजारी, बिनबाह्यांचे सदरे, पोहण्याचे कपडे, व्यायामाचे कपडे, रबरी सपाता, फाटक्या जीन्स आणि टोप्या यांचा या यादीत सामान्यतः समावेश असतो. पहिला प्रकार आता कमी होत चालला आहे, तर दुसरा सर्वत्र रूढ आहे.

नियमांची माहिती बहुधा आस्थापनेच्या संकेतस्थळावर, आरक्षणाच्या वेळी किंवा प्रवेशद्वारावरील फलकावर दिली जाते. नियम न पाळणाऱ्या ग्राहकास प्रवेश नाकारणे, बाहेरच्या दालनात किंवा गच्चीवर बसवणे, अथवा आस्थापनेकडील कोट तात्पुरता वापरण्यास देणे असे तीन मार्ग योजले जातात. कोटाची सक्ती असलेल्या जुन्या उपाहारगृहांत निरनिराळ्या मापांचे कोट याच कारणासाठी ठेवलेले असतात.

प्रचलित संज्ञा

पोशाखसंहितेतील बहुतेक संज्ञा इंग्लंड व अमेरिकेतील सामाजिक प्रथांतून आल्या आहेत. उतरत्या औपचारिकतेच्या क्रमाने त्या पुढीलप्रमाणे आहेत.

व्हाइट टाय : सर्वांत औपचारिक सायंकालीन वेश. मागे शेपट्या असलेला काळा कोट, पांढरी वेस्टकोट आणि पांढरा बो टाय हे त्याचे घटक होत. राजकीय मेजवान्या व नृत्यसमारंभ यांपुरताच हा वेश आता उरला आहे. उपाहारगृहांत त्याची अट आढळत नाही.

ब्लॅक टाय : रेशमी कॉलर असलेला डिनर जॅकेट, बाजूने पट्टी असलेली विजार आणि काळा बो टाय. अमेरिकेत यालाच टक्सीडो म्हणतात. सागरी सफरींच्या काही जहाजांवर ठरावीक रात्री हा वेश किंवा गडद सूट अपेक्षित असतो. ‘क्वीन मेरी २’ हे जहाज त्याचे परिचित उदाहरण आहे. तसा वेश करू न इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी जहाजावर वेगळी भोजनस्थळे ठेवलेली असतात.

लाउंज सूट : नेहमीचा कोट-विजारीचा सूट आणि टाय. नावामुळे हा एखादा सैलसर घरगुती वेश असावा असा गैरसमज होऊ शकतो.

जॅकेट आवश्यक : येथे जॅकेट म्हणजे कॉलर व बाह्या असलेला, शिवलेला कोट. मराठीत जॅकेट या शब्दाने बिनबाह्यांचे नेहरू जॅकेट किंवा थंडी-पावसाचे विंडचीटरही सूचित होते. त्यामुळे या अटीचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता असते. चामडी किंवा साखळीचे जॅकेट या अटीत सहसा बसत नाही.

स्मार्ट कॅज्युअल : सर्वांत प्रचलित व सर्वांत संदिग्ध संज्ञा. पुरुषांच्या बाबतीत कॉलरचा सदरा, पूर्ण विजार आणि बंद बूट असा तिचा सामान्य अर्थ घेतला जातो. जीन्स चालतील की नाही, याबाबत मात्र एकमत नाही. काही ठिकाणी गडद, न फाटलेली जीन्स स्वीकारली जाते, तर काही ठिकाणी कोणतीही जीन्स निषिद्ध असते. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नसल्यामुळे अंतिम निर्णय दारावरील कर्मचाऱ्याच्या हाती राहतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमधील उच्चवर्गीय भोजन प्रामुख्याने घरी किंवा क्लबात होत असे. सायंकाळच्या भोजनासाठी वेश बदलणे हा त्या घरांतील शिष्टाचार होता. १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (नंतरचे सातवे एडवर्ड) यांनी लंडनच्या हेन्री पूल या शिवणकारांकडून सँड्रिंगहॅम येथील खाजगी भोजनासाठी आखूड कोट शिवून घेतला. डिनर जॅकेटचा उगम त्यात मानला जातो. हा कोट त्या काळी अनौपचारिक समजला जाई, हे लक्षणीय आहे. एका पिढीचा सैल वेश पुढील पिढीचा औपचारिक वेश ठरतो, असे पोशाखाच्या इतिहासात वारंवार घडलेले दिसते. अमेरिकेतील टक्सीडो हे नाव न्यू यॉर्क राज्यातील टक्सीडो पार्क या वसाहतीवरून पडले.

१८८९ मध्ये लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेल सुरू झाले. व्यवस्थापक सेझार रिट्झ आणि मुख्य पाकतज्ज्ञ ऑग्युस्त एस्कोफिए यांनी तेथे सार्वजनिक ठिकाणी भोजन करण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. उच्चवर्गीय स्त्रिया उपाहारगृहात येऊ लागल्या, त्या याच काळात. मात्र तेथे सायंकालीन वेश अनिवार्य होता आणि स्त्रियांना सोबतीशिवाय प्रवेश नव्हता. घरातील भोजनकक्षाचा शिष्टाचार अशा रीतीने सार्वजनिक जागेत आला. जो तो पैसे देऊन आत येऊ शकतो अशा ठिकाणी कुळाऐवजी कपडे ही ओळख ठरली. रिट्झ यांनी पुढे १८९८ मध्ये पॅरिस येथे आणि १९०६ मध्ये लंडन येथे आपल्या नावाची हॉटेले उघडली व ही पद्धत युरोपभर पसरली. वसाहतींमधील हॉटेले व क्लब यांनीही तिचे अनुकरण केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६०च्या दशकापासून, हे नियम शिथिल होत गेले. न्यू यॉर्कमधील ‘ट्वेंटी वन क्लब’ या प्रसिद्ध उपाहारगृहाने दीर्घकाळ लागू असलेली टायची सक्ती २००९ मध्ये पूर्णतः मागे घेतली. कोटाची अट मात्र तेथे त्यानंतरही कायम होती.

देशोदेशींच्या प्रथा

ब्रिटन : लंडनच्या रिट्झ हॉटेलातील मुख्य उपाहारगृह हे कडक पोशाखसंहितेचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तेथे पुरुषांना कोट व टाय आवश्यक असून जीन्स व खेळाचे बूट चालत नाहीत. न्याहारीच्या वेळी ही अट शिथिल असते. त्याच हॉटेलातील रिवोली बारचे नियम तुलनेने सौम्य आहेत. लंडनमधील बहुसंख्य उत्तम उपाहारगृहांत मात्र आज स्मार्ट कॅज्युअल पुरेसे होते.

थायलंड : बँकॉकमधील उंच इमारतींच्या गच्चीवरील मद्यालये पर्यटकांत लोकप्रिय आहेत. स्टेट टॉवर इमारतीतील स्काय बार हे त्यांपैकी एक होय. उष्ण हवामानामुळे अर्ध्या विजारी व सपाता घालून दिवसभर हिंडणारे पर्यटक त्याच वेशात तेथे पोहोचतात आणि अडवले जातात. खेळाचे कपडे व उघडी पादत्राणे यांवरील निर्बंध पुरुषांच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे पाळले जातात.

सिंगापूर : १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रॅफल्स हॉटेलातील लाँग बार येथे भुईमुगाच्या शेंगा खाऊन टरफले जमिनीवर टाकण्याची जुनी प्रथा आहे. ‘सिंगापूर स्लिंग’ हे पेय याच हॉटेलात ङ्याम टोंग बून यांनी तयार केले असे मानतात. स्थळाची प्रतिष्ठा आणि वेशाचा कडकपणा यांचे प्रमाण नेहमीच सारखे नसते, हे या उदाहरणावरून दिसते.

आखाती देश : दुबईतील उंची हॉटेलांत स्मार्ट कॅज्युअल किंवा त्याहून औपचारिक वेश अपेक्षित असतो. बुर्ज खलिफाच्या १२२व्या मजल्यावरील ॲटमॉस्फिअर हे उपाहारगृह त्यांपैकी एक आहे. मद्य मिळणाऱ्या काही ठिकाणी, विशेषतः नाइटक्लबांत, कंदुरा या स्थानिक अरबी पोशाखातील व्यक्तींना प्रवेश दिला जात नाही. यामागे वेशाच्या दर्जाचा प्रश्न नसून राष्ट्रीय व धार्मिक ओळख असलेला पोशाख मद्यपानाशी जोडला जाऊ नये, हा विचार आहे.

जपान : जपानमधील पारंपरिक उपाहारगृहांत कोट-टायपेक्षा पायांना अधिक महत्त्व आहे. तातामी चटया अंथरलेल्या दालनात पादत्राणे काढून प्रवेश करावा लागतो, त्यामुळे स्वच्छ व न फाटलेले मोजे असणे शिष्टसंमत समजले जाते. सुशीच्या उत्तम दुकानांत उग्र अत्तर लावून येणे अप्रशस्त मानतात, कारण त्यामुळे माशांचा सूक्ष्म गंध लोपतो. र‍्योकान या पारंपरिक निवासांत युकाता हा सैल सुती वेश घालून भोजनास बसता येते. पाश्चात्त्य पद्धतीच्या हॉटेलात मात्र तोच युकाता खोलीबाहेर घालणे अयोग्य ठरते.

खाजगी आस्थापनेची पोशाखसंहिता आणि सार्वजनिक रस्त्यांवरील वेशाचे स्थानिक कायदे या दोन वेगळ्या बाबी आहेत. इटलीतील सोरेंतो या नगराने २०२२ मध्ये पोहण्याच्या वेशात किंवा उघड्या अंगाने गावात फिरणाऱ्यांवर ५०० युरोंपर्यंत दंड लागू केला. असे आदेश नगरप्रशासन काढते व त्यांचा भंग केल्यास दंड होतो. उपाहारगृहाचा नियम मोडल्यास केवळ प्रवेश नाकारला जातो.

राष्ट्रीय व प्रादेशिक पोशाख

पोशाखसंहितेतील ‘औपचारिक’ या कल्पनेचा पाया युरोपीय पुरुषी वेश हा आहे. त्यामुळे इतर संस्कृतींतील प्रतिष्ठित पोशाख तिच्या शब्दांत बसत नाहीत. औपचारिक निमंत्रणपत्रिकांवर ‘किंवा राष्ट्रीय पोशाख’ असा पर्याय देण्याची प्रथा यातूनच पडली. उपाहारगृहांच्या फलकांवर मात्र असा स्पष्ट उल्लेख क्वचितच असतो.

काही देशांनी आपले पोशाख जाणीवपूर्वक औपचारिक दर्जास नेले. इंडोनेशियात १९७०च्या दशकात जकार्ताचे राज्यपाल अली सादिकिन यांनी लांब बाह्यांच्या बाटिक सदऱ्यास समारंभीय वेश म्हणून पुढे आणले. आज तेथे आणि मलेशियात तो कोट-टायच्या बरोबरीचा मानला जातो. फिलिपिन्समधील बारोंग तागालोग हा झिरझिरीत, विजारीबाहेर सोडलेला सदरा लग्न व राजकीय समारंभ या दोहोंत चालतो. क्यूबाने २०१० मध्ये ग्वायाबेरा या चार खिशांच्या सदऱ्यास अधिकृत औपचारिक वेशाचा दर्जा दिला. बर्म्युडा बेटांवर गुडघ्यापर्यंतची अर्धी विजार, लांब मोजे, कोट व टाय हा व्यावसायिक वेश म्हणून प्रतिष्ठित आहे. अर्धी विजार हा जगभरातील पोशाखसंहितांचा पहिला निषेध असताना एका ठिकाणी ती औपचारिक ठरावी, यातून ‘सभ्य वेश’ या कल्पनेचे स्थानसापेक्ष स्वरूप स्पष्ट होते.

स्त्रियांचा पोशाख

स्त्रियांसाठीचे नियम सामान्यतः कमी तपशिलाने लिहिलेले असतात. पूर्वी मात्र विजार घातलेल्या स्त्रियांना अनेक उपाहारगृहांत प्रवेश नव्हता. फ्रेंच वेशरचनाकार इव्ह सँ लोराँ यांनी १९६६ मध्ये स्त्रियांसाठी ‘ल स्मोकिंग’ हा डिनर जॅकेट व विजारीचा वेश सादर केला. तो परिधान केलेल्या नॅन केम्पनर यांना न्यू यॉर्कमधील एका उपाहारगृहात अडवण्यात आले असता त्यांनी विजार काढून लांब कोट हाच झगा म्हणून वापरला व प्रवेश मिळवला, असा प्रसंग सांगितला जातो. आज विजारीवरील बंदी लोपली आहे, परंतु उंच टाचांच्या पादत्राणांची अलिखित अपेक्षा काही क्लबांत टिकून आहे व ती वादाचा विषय ठरते.

कायदेशीर बाजू

वेशाबाबत अट घालण्याचा खाजगी आस्थापनांचा अधिकार बहुतेक देशांत मान्य आहे. मात्र ती अट वंश, धर्म, लिंग इत्यादींवर आधारित भेदभावाचे साधन होता कामा नये. ब्रिटनमध्ये या बाबी २०१०च्या समानता कायद्याखाली येतात. तत्पूर्वी १९८३ मध्ये मंडला विरुद्ध डॉवेल ली या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने शीख हा वांशिक समूह असल्याचे मान्य केले. हा खटला पगडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यास शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दलचा होता, तरी टोपी किंवा शिरोवेष्टन काढण्याच्या सरसकट नियमांच्या संदर्भात त्याचे महत्त्व मोठे आहे.

अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांत वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करण्यास मनाई केली. न्यू यॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, भोजनासाठी केवळ पुरुषांना टायची सक्ती करणे हे लिंगाधारित भेदभावाचे उदाहरण म्हणून दिले आहे. नियम सर्वांना समान असावा, एवढेच त्यामागील तत्त्व आहे.

भारतीय संदर्भ

विदेशातील वेशाच्या संकेतांशी भारतीयांचा आलेला संबंध महात्मा गांधींच्या आत्मकथेत तपशिलाने नोंदलेला आहे. १८८८ मध्ये इंग्लंडला पोहोचताना त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे घातले होते. सप्टेंबरअखेरीस तसा वेश केलेले आपण एकटेच आहोत, हे साउदम्प्टनच्या धक्क्यावर त्यांच्या ध्यानात आले. पुढे लंडनच्या हॉलबर्न उपाहारगृहात सूप शाकाहारी आहे काय, अशी चौकशी त्यांनी वाढप्याकडे करू पाहिली. त्यामुळे संतापलेल्या मित्राने त्यांना बाहेर जाण्यास सांगितले आणि त्या रात्री त्यांना उपाशी राहावे लागले. या प्रसंगानंतर त्यांनी ‘सभ्य’ होण्याचा निश्चय करून बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून सायंकालीन सूट शिवून घेतला. त्याच गांधीजींनी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी बकिंगहॅम राजवाड्यातील स्वागतसमारंभास पंचा व शाल याच वेशात हजेरी लावली.

वसाहतकालीन क्लबांची पोशाखसंहिता स्वातंत्र्यानंतरही भारतात टिकून राहिली. मुंबईच्या विलिंग्डन क्लबात १९८८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्रिकेट संघटनेच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे अडवण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच तमिळनाडू विधानसभेने सार्वजनिक स्थळी वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक वेशावरून प्रवेश नाकारण्यास मनाई करणारा कायदा केला. त्यात परवाना रद्द करणे, एक वर्षापर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील एका उपाहारगृहात साडी ही स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नसल्याचे एका स्त्रीस सांगण्यात आल्याची चित्रफीत प्रसृत झाली. आस्थापनेने घटनेचा निराळा तपशील मांडला, तरी त्यावर देशभर चर्चा झाली.

परदेशातील उंची उपाहारगृहांत साडी सामान्यतः औपचारिक वेश म्हणून स्वीकारली जाते. बंद गळ्याचा जोधपुरी कोट पाश्चात्त्य सूटच्या रचनेला जवळचा असल्याने तोही सहज चालतो. पुरुषांच्या उघड्या पादत्राणांवरील बंदीत मात्र शब्दशः पाहता कोल्हापुरी चप्पलही येते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेली आणि महाराष्ट्रात सणासमारंभाला मानाने घातली जाणारी ही पादत्राणे त्या नियमात समुद्रकिनाऱ्यावरील रबरी सपातांच्याच ओळीत बसतात.

समर्थन व टीका

पोशाखसंहितेच्या समर्थकांच्या मते भोजन हा केवळ उदरभरणाचा नव्हे, तर सामूहिक अनुभवाचा भाग आहे. दालनाची सजावट, संगीत आणि वाढपी यांच्याप्रमाणेच उपस्थितांचा वेशही त्या वातावरणास हातभार लावतो. विशेष प्रसंगासाठी मोठा खर्च करून आलेल्या ग्राहकांच्या अपेक्षेचा मान राखला जावा, असेही ते म्हणतात.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप नियमांपेक्षा त्यांच्या अंमलबजावणीवर आहे. संदिग्ध शब्दांमुळे कोणाला आत घ्यावे याचा निर्णय पूर्वग्रहांवर होऊ शकतो. अमेरिकेतील अनेक मद्यालयांत सैल विजारी, खेळाचे कपडे व विशिष्ट टोप्यांवरील बंदी कृष्णवर्णीय तरुणांना दूर ठेवण्यासाठी वापरली जाते, असा आरोप होत आला आहे. जून २०२० मध्ये बाल्टिमोर येथील एका उपाहारगृहात खेळाच्या कपड्यांमुळे एका नऊ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वेळी तशाच वेशातील गोरा मुलगा तेथे असल्याचे त्याच्या आईने चित्रित केले. संबंधित समूहाने क्षमा मागितली आणि लहान मुलांना या नियमातून वगळले.

नियम स्पष्ट शब्दांत व आरक्षणाच्या वेळीच कळवणे, पारंपरिक पोशाखांचा त्यांत उल्लेख करणे आणि सर्वांना ते सारखेच लागू करणे, या तीन अपेक्षा या चर्चेतून पुढे आल्या आहेत. कोट व टायची सक्ती ओसरली असली, तरी ‘स्मार्ट कॅज्युअल’सारख्या मोघम संज्ञांचा वापर वाढल्याने, सभ्य वेश कोणता आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न मात्र कायम आहे.